लक्ष्मणराव किर्लोस्कर : चित्रकलेच्या वर्गातून छऱ्यांच्या जगात



सामान्य विज्ञानात घर्षण बल शिकवताना आपण मुलांना तळहात एकमेकांवर घासायला सांगतो, ओल्या फरशीवर पाय का घसरतो ते विचारतो आणि मग फळ्यावर घर्षण कमी करण्याचे उपाय लिहितो : वंगण, बेअरिंग, गुळगुळीत पृष्ठभाग. मुलं तीन शब्द पाठ करतात आणि पाठ संपतो. हे उपाय कुणाला लागले, ते नसते तर कुणाचं काय अडलं असतं, हे राहूनच जातं. म्हणून या पाठाला जोडून मी एक चरित्र सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. आपण त्यांना कारखानदार म्हणून ओळखतो, पण त्याआधी ते आपल्यासारखेच शिक्षक होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून बघण्यात रमायचं. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वडिलांना हे पसंत नव्हतं, मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी राहिले. पण तिथे एक विचित्र अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला रंगच कळत नाहीत म्हटल्यावर काय करणार? रंग सुटले, रेषा राहिली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवू लागले. (तीच आजची व्हीजेटीआय, माटुंग्याची.)

यांत्रिक रेखाटन म्हणजे नुसतं चित्र नाही. त्यात फिरणारा दांडा किती जाडीचा, तो ज्या भोकात फिरतो ते भोक केवढं, दोघांच्या मधे फट किती, हे सगळं मापात दाखवावं लागतं. घर्षणाचा सगळा खेळ त्या फटीत असतो. फट फार कमी ठेवली तर दांडा तापतो आणि अडकतो. जास्त ठेवली तर तो खडखडतो आणि लवकर झिजतो. आणि त्या फटीत तेल असेल तर वेगळीच गंमत होते.

ही गंमत त्याच काळात उलगडत होती. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या वरच्या बाजूला त्यांनी तेल घालायला एक भोक पाडलं होतं. दांडा फिरायला लागला की तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायचं. त्यांनी लाकडी बूच ठोकलं, तर बूचही हळूहळू बाहेर ढकललं गेलं! म्हणजे फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून नेत होता आणि त्या तेलात इतका दाब तयार होत होता की दांड्यावरचा सगळा भार तेलाच्या पातळ थरानेच तोलून धरला होता. धातू धातूला टेकतच नव्हता. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. वंगणाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो असं आपण वर्गात सांगतो. खरं तर चांगलं वंगण दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवतं. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता सायकल. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा तिथे त्या विकत. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ ची धरली जाते ती या सायकलच्या दुकानापासून. तेव्हा सायकल म्हणजे नवलाची आणि महागाची चीज. ज्याने घेतली त्याला ती चालवायला शिकवावीही लागे आणि बिघडली तर उघडून दुरुस्त करावी लागे.

सायकल उघडली की आत छर्रे दिसतात. चाकाच्या मधल्या हबमध्ये, पायडलच्या मधल्या दांड्याला, हँडलच्या मानेत, पायडलमध्येसुद्धा. गोल, पोलादी, हरभऱ्यापेक्षा लहान. आमच्या चांदीपच्या मुलांना बेअरिंग शब्द कळत नाही, पण छर्रे म्हटलं की लगेच हात वर होतात, कारण निम्म्यांनी ते सायकलवाल्याकडून मागून आणून गोट्यांसारखे खेळलेले असतात. सायकलला असे छऱ्यांचे बेअरिंग बसवण्याचा हक्क पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये नोंदवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रुआँ ही शर्यत छऱ्यांच्या सायकलवर बसलेल्या जेम्स मूर यांनी जिंकली. लक्ष्मणरावांचा जन्मही त्याच वर्षीचा. निव्वळ योगायोग आहे, पण सनावळी लक्षात ठेवायला बरा.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. टेबलावर एक जाड पुस्तक ठेवा आणि एका बोटाने ढकलायला सांगा. मग त्याखाली सारख्या मापाच्या आठ-दहा गोट्या ठेवून परत ढकलायला सांगा. पुस्तक सरकत नाही, गडगडत जातं. आकड्यांत सांगायचं तर कोरडं पोलाद पोलादावर सरकवायला भाराच्या साधारण निम्मा जोर लागतो. मधे तेल असेल तर तो दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहून खाली येतो. छऱ्यांच्या चांगल्या बेअरिंगमध्ये हजार भागांतले एक-दोन भाग पुरतात. गोट्या लहान-मोठ्या घेतल्या तर काय होतं तेही करून बघा. भार फक्त मोठ्या गोट्यांवर येतो, पुस्तक डुगडुगतं. म्हणूनच सगळे छर्रे अगदी एका मापाचे घासून काढायचं यंत्र जर्मनीत १८८३ मध्ये तयार झालं, तेव्हा कुठे बेअरिंग स्वस्त आणि भरवशाचे होऊ लागले.

मुंबईतली नोकरी लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये सोडली. कारण साधं आणि बोचरं होतं. त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. ते बेळगावला परतले आणि भावाच्या दुकानात उभे राहिले. शिकवण्याची नोकरी गेली, पण रेखाटन हातात होतं आणि यंत्र उघडायची सवय होती.

दुकानाच्या जोडीला त्यांनी पहिल्यांदा हाती घेतलं ते कडबा कापायचं यंत्र. आज आपण त्याला कडबाकुट्टी म्हणतो. मोठं जड चाक, त्याला लावलेली पाती, आणि हाताने फिरवायची मूठ. मला वाटतं घर्षणाचा पाठ शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. मुंबईच्या कापड गिरणीत शेकडो अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन असे. तिथे दांड्यांच्या आणि पट्ट्यांच्या घर्षणात बरीच शक्ती वाया जाई, तरी मालकाचं भागायचं. थोडा कोळसा जास्त जाळला की झालं, आणि तेल घालायला वेगळे कामगार होतेच. शेतकऱ्याच्या अंगणात इंजिन होतं ते म्हणजे त्याचा स्वतःचा हात. माणूस दिवसभर हाताने काम करतो तेव्हा त्याची शक्ती साधारण ७५ वॅट भरते, घरातल्या एका जुन्या सीलिंग फॅनएवढी. त्यातली पंचवीस वॅट जर दांडा आणि बुश यांच्या घासण्यातच गेली, तर कडबा कापायला उरतं काय? गिरणीतलं घर्षण कोळशाच्या बिलात दिसतं. हातयंत्रातलं घर्षण खांद्यात दुखतं. लक्ष्मणराव ज्यांच्यासाठी यंत्रं करायला निघाले होते त्या लोकांकडे वाया घालवायला शक्तीच नव्हती.

बुश म्हणजे काय तेही इथेच सांगून टाकते. फिरणाऱ्या लोखंडी दांड्याभोवती पितळेसारख्या मऊ धातूची नळी बसवतात. दोघं घासले की मऊ असलेली नळी आधी झिजते, दांडा वाचतो. झिजलेली नळी काढून नवी घालायची. छऱ्यांपेक्षा हा उपाय जुना आणि स्वस्त. धूळ, चिखल, आडदांड वापर सोसणारा. फक्त तेल वेळच्या वेळी घालावं लागतं. बैलगाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आसाला एरंडेलाचं किंवा करंजेलाचं वंगण लागायचं. एरंडेल दाट असतं, दाबाखाली पटकन निसटत नाही, म्हणून यंत्रांनाही ते मानवलं. इंग्लंडमध्ये १९०९ साली निघालेल्या कॅस्ट्रॉल तेलाचं नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं.

यानंतर आला लोखंडी नांगर, आणि त्याच्याबरोबर खरी कसोटी. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. नांगर तयार होऊन पडले होते आणि विकले जात नव्हते. ते जागेवरून हलायला जवळजवळ दोन वर्षं लागली. नांगराचा विचार केला तर इथे घर्षण कमी करायला तेल लावता येत नाही, छर्रे घालता येत नाहीत. माती आणि लोखंड समोरासमोर. हाताशी उरतो तो फक्त आकार आणि पृष्ठभाग. लाकडी नांगर जमीन चिरत जातो. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा माती उचलतो आणि बाजूला पालथी करतो. काही दिवस वापरला की तो पत्रा मातीनेच घासून आरशासारखा चकचकीत होतो आणि मग चिकट मातीही त्यावरून सुटून जाते. गंजलेला पत्रा आणि चकचकीत पत्रा यांतला फरक बैलांना आपल्याआधी कळतो.

बेळगावात जम बसत होता तेवढ्यात नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. लक्ष्मणरावांच्या मदतीला औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं माळरान. तिथे किर्लोस्करवाडी वसली. शंभूराव जांभेकरांसारखे हरहुन्नरी सहकारी, भाऊ रामूअण्णा, सगळे त्या माळावर राहायला आले. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे बंद झाले आणि मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा, रंग काहीच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामाला दिल्या. रंग जांभेकरांनी वाडीतच तयार केला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, हातपंप निघू लागले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाला. त्याच सुमारास वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले.

पंपाआधी पाणी कसं निघायचं ते आजच्या मुलांना माहीत नाही. देशावर मोट होती : कातड्याची मोठी पखाल, नाडा, विहिरीच्या तोंडाशी लाकडी चाक आणि उतारावर मागे-पुढे जाणारी बैलजोडी. आपल्या वसईच्या वाड्यांमध्ये बावखलांवर रहाट होते. मोटेचं चाक आणि रहाट दोन्ही दुरून ऐकू यायचे, कुईकुई करत. तो आवाज म्हणजे लाकडावर लाकूड घासून वाया जाणारी बैलांची शक्तीच होती. पंपाचा दांडा मिनिटाला शेकडो फेरे घेतो. एवढ्या वेगाला लाकडी आस काही क्षणात करपेल. तेव्हा चांगलं बेअरिंग आणि न थांबणारं वंगण असल्याशिवाय पंप ही गोष्टच शक्य नाही. आणखी एक अडचण असते. दांडा जिथे पंपात शिरतो तिथून पाणी गळू द्यायचं नाही, म्हणून तिथे दोरीसारखं वंगणात भिजवलेलं पॅकिंग ठासतात. फार आवळलं की घर्षण वाढून दांडा तापतो, सैल ठेवलं की पाणी उडतं. म्हणून थेंब थेंब गळू देणं हेच योग्य. शेतकरी पालकांपैकी कुणी जुना पंप वापरला असेल तर त्यांना वर्गात बोलवा, माझ्यापेक्षा नीट तेच सांगतील.

पुढची पिढी आणखी वेगवान यंत्रांकडे गेली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. इंजिनात तर तेल एका छोट्या पंपाने सतत फिरवत ठेवावं लागतं. ते घर्षण कमी करतं, उष्णता वाहून नेतं आणि झिजलेल्या धातूचा कीसही उचलून नेतं. लक्ष्मणरावांनी हे सगळं पाहिलं. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

हा पाठ झाला की मी मुलांना एक घरचा अभ्यास देते. घरातल्या यंत्रांवर तेल घालायची भोकं शोधून मोजून आणायची. आजीच्या शिलाई मशीनवर ती बरीच सापडतात, एकेका हलत्या भागाला एक. सीलिंग फॅनवर मात्र बहुधा एकही सापडत नाही, आणि मुलं तक्रार घेऊन येतात. त्यांना सांगायचं, तिथे छऱ्यांचं बेअरिंग आहे, ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेलं.