जॉन फॉन नॉयमन : डावपेचांचे गणित आणि भरवशाचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यात मामा तलावाखाली धान घेणाऱ्याला एक हिशेब पाठ असतो. पाटाच्या तोंडाशी असलेल्याने जास्त पाणी ओढले, तर फायदा त्याचा; पण शेवटची बांधी कोरडी पडते. सगळेच तसे वागले, तर तलाव वेळेआधी आटतो. संगणकांच्या जाळ्यातही हाच पेच असतो. असे पेच गणितात मांडण्याचा पाया जॉन फॉन नॉयमन यांनी घातला.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये एका बँकरच्या घरी झाला. १९२६ मध्ये त्यांनी गणितातील डॉक्टरेट आणि झुरिचमधून रासायनिक अभियांत्रिकीची पदविका मिळवली. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळातही प्रत्येकाला आपले नुकसान मर्यादेत ठेवणारा डाव आखता येतो, हे त्यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला स्थायिक झाले. अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी खेळ-सिद्धांतावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अनेकांच्या युतींचाही विचार होता. मात्र युतीत ठरलेले पाळले जाईल, हे गृहीत होते. कोणी शब्द मोडला तर काय, हा प्रश्न पुढच्यांसाठी उरला.

आज्ञा आणि माहिती एकाच स्मृतीत साठवणाऱ्या संगणकाचा आराखडा त्यांनी १९४५ मध्ये लिहिला. आजचे बहुतेक संगणक त्याच धर्तीवर चालतात. अणुबॉम्बच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. सोव्हिएत संघाशी समझोत्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आधी आपणच वार करावा, या मताचे ते होते. १९५५ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, ५३व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

उरलेल्या प्रश्नाला संगणकांनीच हात घातला. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर डावपेचांची स्पर्धा घेतली. आधी सहकार्य करायचे, नंतर समोरचा वागेल तसे वागायचे, हा साधा डाव जिंकला. एकदाच गाठ पडणार असेल तर फसवणूक फायद्याची ठरते. रोज गाठ पडणार असेल तर सहकार्य टिकू शकते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलेत इंटरनेट तुंबले. एका जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेला उपाय सोपा होता : वाट तुंबल्याची खूण दिसताच प्रत्येक संगणकाने स्वतःहून वेग कमी करावा. पाटावरच्या पाळीसारखाच हा संयम आजही इंटरनेट वाहते ठेवतो.