क्रॉयडन ते डार्विन : एमी जॉन्सन ह्यांचे चरित्र

दोन विमानतळांमधील अंतर नकाशावर पट्टी ठेवून कोणासही मोजता येते. परंतु ते तोडण्यास किती वेळ लागेल हे केवळ मैलांवर ठरत नाही. वारा, पाऊस, यंत्राची शक्ती आणि वैमानिकाची पूर्वतयारी ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. ज्यांच्या चरित्रात हे सत्य स्पष्ट दिसते, त्या एमी जॉन्सन ह्यांची ओळख आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस करून देत आहोत.

एमीबाईंचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडातील हल ह्या बंदरात एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्या लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करू लागल्या. तेथेच त्यांना विमानविद्येची गोडी लागली. १९२९ साली त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. एवढ्यावर न थांबता, कारखान्यात तेलाने हात माखून घेऊन त्यांनी विमानदुरुस्तीचाही परवाना मिळविला. ब्रिटनमध्ये असा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

५ मे १९३० रोजी ‘जेसन’ नावाच्या एका जुन्या, उघड्या विमानातून त्या क्रॉयडनहून एकट्याच निघाल्या. तोवर त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल, म्हणजे सुमारे १५० मैलांचा होता. आता पुढे ११,००० मैल होते! बगदादच्या वाटेवर वादळामुळे त्यांना वाळवंटात उतरावे लागले. तरीही सहाव्या दिवशी त्या कराचीस पोहोचल्या. तेथवरच्या टप्प्यात त्यांनी बर्ट हिंकलर ह्यांना दोन दिवसांनी मागे टाकले होते. पुढे उलट्या वाऱ्याने पेट्रोल संपत आले आणि झांशीच्या कवायतीच्या मैदानावर विमान उतरवावे लागले. ब्रह्मदेशात पावसाने गाठले. रंगूनजवळ इनसीन येथे, एका तंत्रशाळेच्या क्रीडांगणावर उतरताना विमान चरात जाऊन मोडले. तेथील शिक्षक व विद्यार्थी मदतीस धावले. एमीबाईंनी कारखान्यात शिकलेली विद्या येथे कामी आली, आणि विमान पुन्हा आकाशात चढले. २४ मे रोजी त्या ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरल्या. हिंकलर ह्यांचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हुकला. तथापि इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने विमान नेणारी पहिली स्त्री हा मान त्यांना लाभला.

दुसऱ्या महायुद्धात त्या नवी विमाने ठिकठिकाणी पोहोचविण्याचे काम करीत. ५ जानेवारी १९४१ रोजी त्या ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन येथे निघाल्या. अंतर पुन्हा सुमारे १५० मैलच, आणि वाट जेमतेम तासाभराची. परंतु हवा खराब होती. चार तासांनी विमान कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशी, पाण्यात कोसळले. त्यांना वाचविण्यासाठी वॉल्टर फ्लेचर ह्या नौदल अधिकाऱ्यांनी गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. त्यात त्यांचेही प्राण गेले. एमीबाईंचा देह मात्र कधीच सापडला नाही.

२०१८ पासून पर्थ व लंडन ह्यांमधील सुमारे ९,००० मैल विमान कोठेही न थांबता १७ तासांच्या आसपास तोडते. ही सुलभता आयती मिळालेली नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, एवढे ध्यानी धरावे की, ११,००० मैलांची वाट एमीबाईंना विमान दुरुस्त करण्याच्या कष्टाळू विद्येने पार करून दिली. पालकांसही आमची विनंती आहे की, ज्या हातांत लेखणी शोभते, त्या हातांत हातोडी दिसली तर त्यांनी कष्टी होऊ नये. प्रवास दूरचा असो वा जवळचा, तयारी पुरी करावी, आणि जे आपल्या हाती नाही ते नम्रपणे ईश्वरावर सोपवावे.