विजयदुर्गावर आलेला साहेब: मूलद्रव्यांवरच संशय घेणारे नॉर्मन लॉकियर

१८ ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट फिरायला लागते. नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लागला, असं त्यात लिहिलेलं असतं. सोबत किल्ल्यावरच्या ओट्यांचा फोटो. गावातले लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात.

साहेब खरा आहे, ओटे खरे आहेत आणि हेलियमही खरा आहे. फक्त या तिघांची गाठ चुकीच्या सालाशी बांधली गेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर कोकणात नव्हते, इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली, जवळजवळ ३० वर्षांनी. ओट्यांची गोष्ट जुळते ती याच मुक्कामाशी. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात हेलियमपेक्षाही मोठा प्रश्न होता: लोखंड, कॅल्शियम यांना आपण मूलद्रव्यं म्हणतो खरं, पण तीही आतून संयुगंच असली तर?

हा प्रश्न वेडगळ वाटतो ना? शाळेत आपण पाठ केलेलं असतं की ज्याचं रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही ते मूलद्रव्य, आणि दोन किंवा अधिक मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात जोडली जाऊन बनतं ते संयुग. सोडियम मूलद्रव्य, क्लोरीन मूलद्रव्य, आणि दोघांचं मिळून मीठ हे संयुग. व्याख्या सोपी आहे. पण तिच्यात एक खाच आहे. एखादी वस्तू फुटत नाही याचा अर्थ ती फुटणारच नाही, की आपल्याकडे ती फोडायला पुरेसं हत्यार नाही?

चुना घ्या. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी छापली, त्यात चुना होता. त्या काळी तो कुणालाच फोडता येत नव्हता. मग १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेचा वापर करून त्यातून कॅल्शियम वेगळा काढला आणि चुना मूलद्रव्यांच्या पंगतीतून उठला. तो कॅल्शियम आणि ऑक्सिजनचं संयुग निघाला. म्हणजे १९व्या शतकात 'मूलद्रव्य' या शब्दाचा प्रामाणिक अर्थ 'अजून न फुटलेलं' एवढाच होता. लॉकियर याच शतकातले.

त्यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावात झाला. विद्यापीठाची पदवी नाही, शास्त्रज्ञाची नोकरी नाही. १८५७ पासून ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. दिवसा फायली, रात्री दुर्बीण. आधी चंद्र आणि मंगळ पाहिले, मग नजर सूर्याकडे वळली.

त्याचं कारण होतं एक नवं उपकरण, वर्णपटदर्शक. त्यामागची गोष्ट तुम्ही स्वयंपाकघरातच पाहिली असेल. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते. धुण्याचा सोडा टाकला तरी पिवळीच, खाण्याचा सोडा टाकला तरी पिवळीच. संयुगं तीन, रंग एक, कारण तो रंग तिन्हींमधल्या सोडियमचा आहे. हा प्रकाश लोलकातून नेला तर पिवळ्या रंगात अगदी शेजारी शेजारी दोन बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषांची मांडणी वेगळी, एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८५९-६० मध्ये हे पक्कं केलं आणि त्याच जोरावर सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधून काढली.

संयुगाचं तसं नसतं. फार उष्णता न देता संयुगाचा रेणू शाबूत राहिला, तर सुट्या रेषांऐवजी रुंद पट्टे दिसतात. उष्णता वाढवत गेलं की रेणू तुटतो, पट्टे फिके पडतात आणि मूलद्रव्याच्या रेषा ठळक होतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं नाट्य याच्यावर उभं आहे.

१८६८ चं ग्रहण भारतात दक्षिण कोकण, जमखंडी, विजापूर, गुंटूर असं आडवं गेलं. विजयदुर्गाचा किनाराही त्या सावलीत होता, म्हणून तर पुढे दोन ग्रहणांची सरमिसळ झाली असावी. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्या इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील, हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी तसं करूनही दाखवलं. तिकडे इंग्लंडात लॉकियर यांनाही हीच कल्पना आधीच सुचली होती, पण मागवलेलं उपकरण काही केल्या येत नव्हतं. ते आलं ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाविना सूर्यज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच दिवशी आली. फ्रेंच सरकारने नंतर दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. भांडणं पाहायची सवय असलेल्या आपल्याला हे जरा नवलाचंच!

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. भारतातून ग्रहण पाहणाऱ्या अनेकांनी ती पाहिली होती आणि सोडियमची समजून सोडून दिली होती. चूक अगदी साहजिक होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. लॉकियर यांनी सूर्य रोज पाहता येत असल्याचा फायदा घेऊन तिची जागा नीट मोजली. ती सोडियमची नव्हती. मग ती हायड्रोजनचीच दाब किंवा तापमान बदलल्यामुळे दिसणारी रेषा असेल का? रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या परिस्थितीत तापवून पाहिला. पिवळी रेषा आली नाही. सूर्यावर पृथ्वीवर न सापडलेलं काहीतरी आहे, या निष्कर्षाकडे लॉकियर झुकले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. फ्रँकलंड यांनी मात्र नव्या मूलद्रव्याच्या कल्पनेपासून अंतर ठेवलं.

रसायनतज्ज्ञांचा आक्षेपही चुकीचा नव्हता. ज्याला कुणी हात लावलेला नाही, ज्याचं वजन केलेलं नाही, ज्याची कशाशी क्रिया होते ते माहीत नाही, त्याला केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य कसं म्हणायचं? १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, तिच्यावरूनही 'कोरोनियम' नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं होतं. ती रेषा पुढे सत्तरएक वर्षांनी लोखंडाची निघाली, अतिउष्णतेने १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. पुरावा दोन्हीकडे सारखाच होता, एकच रेषा. हेलियम टिकला आणि कोरोनियम गेला.

दरम्यान लॉकियर यांनी ४ नोव्हेंबर १८६९ रोजी 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलं. आज ज्यात लेख छापून येणं म्हणजे संशोधकाचं भाग्य मानलं जातं, तेच हे नेचर. पुढची ५० वर्षं तेच त्याचे संपादक होते. १८७१ च्या ग्रहणासाठी ते पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा मुक्काम केरळातल्या बेकल किल्ल्याजवळ होता. समुद्रकाठच्या किल्ल्यांशी या माणसाचं काहीतरी नातं असावं.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येऊ. लॉकियर यांनी पाहिलं की साध्या ज्योतीत कॅल्शियमची एक निळी रेषा सगळ्यांत ठळक असते. विजेच्या ठिणगीत, म्हणजे जास्त उष्णतेत, तिच्याऐवजी जांभळ्या टोकाकडच्या दोन रेषा जोर धरतात. सूर्यावर त्याच दोन रेषा प्रचंड ठळक आहेत. त्यांनी या दृश्याची जुन्या अनुभवाशी सांगड घातली. कॅल्शियम क्लोराइड तापवला की पट्टे जातात आणि कॅल्शियमच्या रेषा येतात, कारण संयुग फुटतं. मग कॅल्शियम आणखी तापवल्यावर रेषा बदलत असतील, तर कॅल्शियमही फुटत असला पाहिजे!

डिसेंबर १८७८ मध्ये त्यांनी हा विचार रॉयल सोसायटीपुढे मांडला. खळबळ माजली. तर्क देखणा होता, पण पुरावा भुसभुशीत. निरनिराळ्या मूलद्रव्यांत समान असलेल्या ज्या रेषांचा त्यांनी आधार घेतला होता, त्यांतल्या बऱ्याच नमुन्यातल्या भेसळीमुळे आलेल्या निघाल्या. काही तर एक नव्हत्याच, चांगल्या उपकरणाने पाहिल्यावर त्या जवळजवळच्या दोन वेगळ्या रेषा ठरल्या. धर्माबादच्या बाजारात मिरचीचा व्यापारी केवळ लाल रंगावर भाव ठरवत नाही, फोडून, हुंगून बघतो. रसायनतज्ज्ञांचंही म्हणणं तेच होतं: फुटलेला तुकडा हातात दाखवा. तो दाखवणं लॉकियर यांना कधीच जमलं नाही. पण त्यांनी हट्टही सोडला नाही.

१८९५ साली हेलियमने त्यांची बाजू राखली. विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून वायू गोळा केला. शोध आर्गॉनचा चालला होता, दिसली ती पिवळी रेषा. २७ वर्षं फक्त सूर्यावर असलेलं मूलद्रव्य काचेच्या नळीत आलं. लॉकियर यांना सर हा किताब मिळाला १८९७ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत ते विजयदुर्गावर हजर झाले.

२२ जानेवारी १८९८ चं ते ग्रहण कोकणातून कराड, करमाळ्याजवळचं जेऊर असं ईशान्येला चढत, निजामाच्या मराठवाड्यातून विदर्भाकडे गेलं. धर्माबाद त्या पट्ट्याच्या बाहेर, आग्नेयेला राहिलं, तिथे ते खंडग्रास होतं. जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची तुकडी घेऊन बसले होते. हे नाव त्या व्हॉट्सअ‍ॅप पोस्टमध्ये कधी येत नाही, यायला हवं. विजयदुर्गावर 'मेलपोमिन' या ब्रिटिश युद्धनौकेचे नौसैनिक लॉकियर यांच्या हाताखाली निरीक्षणाची तालीम करत होते. हातात मिनिटं जेमतेम दोन. सूर्यबिंब झाकलं जाताना आणि उघडताना काही क्षण त्याच्या वातावरणाच्या रेषा लखकन उजळतात, त्या लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपायच्या होत्या. जास्त उष्णतेत जोर धरणाऱ्या रेषा सूर्यावर नेमक्या किती आणि कुठे आहेत, हे लॉकियर यांना पाहायचं होतं. म्हणजे कॅल्शियम, लोखंड खरंच फुटतात का, याचीच साक्ष ते गोळा करत होते.

त्याच सुमाराला त्यांना एक वजनदार साथ मिळाली होती. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी अणूहूनही लहान कण, म्हणजे इलेक्ट्रॉन असल्याचं दाखवलं आणि त्या लेखात लॉकियर यांच्या मताची दखल घेतली. अणूतून काहीतरी सुटतं, हे खरं निघत होतं. पण जे सुटतं ते दुसरं मूलद्रव्य नव्हतं.

पुढचं कोडं सुटलं कोलकात्यात. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये गणिताने दाखवलं की उष्णता वाढली आणि दाब कमी असला की अणू आपला इलेक्ट्रॉन गमावतो. याला आयनीभवन म्हणतात. एक इलेक्ट्रॉन गेलेल्या कॅल्शियमच्या रेषा वेगळ्या, न गेलेल्याच्या वेगळ्या. सूर्यावर ठळक दिसणाऱ्या त्या दोन जांभळ्या रेषा इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या. पण कॅल्शियमची ओळख त्याच्या अणुकेंद्रातल्या २० प्रोटॉनवर ठरते, आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावरची उष्णता त्यांना धक्काही लावत नाही. मीठ फुटलं की सोडियम आणि क्लोरीन होतात, कॅल्शियमचा इलेक्ट्रॉन गेला तरी तो कॅल्शियमच राहतो. लॉकियर यांनी पाहिलेलं सगळं बरोबर होतं, लावलेला अर्थ तेवढा चुकला. आणि साहांना ज्या रेषांचं कोडं सोडवायचं होतं, ती उष्णतेने ठळक होणाऱ्या रेषांची वर्गवारी मुळात लॉकियर यांनीच केलेली होती.

साहांचा तो लेख ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिडमथजवळ स्वतः उभारलेल्या वेधशाळेशेजारच्या घरात लॉकियर १६ ऑगस्टलाच वारले होते, वयाच्या ८४व्या वर्षी.