बाळंतिणींचे कैवारी डॉ. सेमेलवाइस

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. अशा वेळी झाशीची राणी, अहिल्याबाई, मादाम क्यूरी ही नावे आधी डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याविषयी आपण सर्वजणींनी पुष्कळ वाचले-ऐकले आहे. मी मात्र एका डॉक्टरांची हकीकत सांगणार आहे. शाळेत जीवशास्त्र शिकविताना, शास्त्रीय पद्धत म्हणजे काय हे मुलींना समजावयाचे झाले की मी पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवीत असे आणि हीच हकीकत सांगत असे. निरीक्षण, तर्क, पडताळा आणि निष्कर्ष या चारही पायऱ्या तीत ओळीने दिसतात. शिवाय ती बाळंतिणींची हकीकत आहे. म्हणून ती आपली आहे.

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या गावी झाला. आजच्या बुडापेस्ट शहराचाच तो एक भाग होय. वडील किराणा मालाचे व्यापारी होते. मुलाने कायदा शिकावा म्हणून त्याला १८३७ साली व्हिएन्नाला पाठविले. पण त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले आणि १८४४ साली तो डॉक्टर झाला. १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतिविभागाचे साहाय्यक म्हणून सेमेलवाइस यांची नेमणूक झाली. विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक योहान क्लाइन.

हे इस्पितळ गोरगरिबांचे. तेथे मोफत बाळंतपण होई. प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणींना शिक्षण मिळे. एक दिवस या कक्षात भरती, तर दुसऱ्या दिवशी त्या कक्षात, असा नियम होता. म्हणजे कोणती बाई कोठे जाईल हे केवळ वारावर अवलंबून असे. तरीही दोन्हीकडच्या नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर होते. १८४६ या एका वर्षात पहिल्या कक्षात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. शेकडा अकराहून अधिक. दुसऱ्या कक्षात ३,७५४ बाळंतपणांत १०५ माता गेल्या. शेकडा तीनांहूनही कमी. बहुतेकींना सूतिकाज्वर होई. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत थंडी वाजून ताप भरे, पोट फुगे, असह्य कळा येत आणि तान्हे मूल पोरके होई. ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती. पहिल्या कक्षाचा वार आहे असे कळले की बायका गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांला तेथे नेऊ नका म्हणून विनवीत. कित्येकींचे बाळंतपण वाटेत रस्त्यावरच होई. नवल असे की, त्यांना हा ताप क्वचितच येई.

सेमेलवाइस यांना हे पाहवेना. परंतु केवळ हळहळून ते थांबले नाहीत. लोक जी जी कारणे सांगत, ती ती त्यांनी एकेक करून तपासली. हवेतच काही विषारी दोष आहे, असे मोठमोठे डॉक्टर म्हणत. पण हवा तर दोन्ही कक्षांना सारखीच! मग एकाच कक्षावर तिचा कोप का? गर्दीमुळे होत असेल म्हणावे, तर भीतीमुळे सर्वजणी दुसऱ्या कक्षाकडे धाव घेत आणि गर्दी तेथेच जास्त असे. पहिल्या कक्षात बाया उताण्या निजून बाळंत होत, दुसऱ्यात कुशीवर. म्हणून त्यांनी पहिल्यातही कुशीवर निजविण्याची पद्धत सुरू केली. फरक पडला नाही. मरणासन्न बाईला अखेरचा धर्मविधी देण्यासाठी पाद्री घंटा वाजवीत पहिल्या कक्षातून जात असे. त्या आवाजाने इतर बाया धास्तावतात, असाही एक तर्क होता. सेमेलवाइस यांनी पाद्रीबोवांना विनंती करून घंटा बंद करविली आणि त्यांची वाटही बदलविली. तरीही मरणे थांबली नाहीत.

या ठिकाणी मी वर्गात नेहमी थांबत असे. इतके तर्क फुकट गेले, असे मुलींना वाटे. वास्तविक ते फुकट गेले नव्हते. चुकीचा तर्क पडताळून टाकून देणे हेही ज्ञानच आहे. धान्य निवडताना खडे बाजूला काढावेत, तसे ते काम आहे.

मार्च १८४७ मध्ये एक दुःखद घटना घडली. त्यांचे स्नेही डॉ. याकोब कोलेच्का हे शवविच्छेदन करीत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम लहानशी, पण तीतून विकार सर्वांगात पसरला आणि ते वारले. त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि ते चमकले. बाळंतिणींच्या शरीरात जे बिघाड आढळत, तेच येथेही होते. कोलेच्का काही बाळंत झाले नव्हते! मग दोहोंत समान काय? प्रेतातील सडलेला अंश कोलेच्कांच्या शरीरात सुरीने शिरला. बाळंतिणींच्या शरीरात तो कोण नेत असेल? विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते चिरून अभ्यास करीत आणि तेथून थेट येऊन बाळंतिणींना तपासत. साबणाने हात धुतले तरी हातांचा वास जात नसे. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. रस्त्यात बाळंत झालेल्या बाईला कोणी तपासलेलेच नसे. सारे धागे एकत्र जुळले.

आता पडताळा पाहावयाचा राहिला होता. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी नियम केला की, ब्लीचिंग पावडरसारख्या क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कोणीही बाळंतिणीला स्पर्श करू नये. बाकी काहीही बदलले नाही. कक्ष तोच, खाटा त्याच, हवा तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते, हे प्रयोगाचे मर्म येथे आहे. त्या एप्रिलात शेकडा अठरा माता दगावल्या होत्या. उन्हाळ्यात हे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास आले. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या कक्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. दोन्ही कक्ष जवळजवळ सारखे झाले, आणि मार्च व ऑगस्ट या महिन्यांत तर पहिल्या कक्षातील एकही माता गेली नाही.

मधे ऑक्टोबर १८४७ मध्ये एक धक्का बसला. गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव होत असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टरांनी नुसत्या साबणाने हात धुतले आणि पुढच्या बायांना तपासले. त्या वेळी बाळंत झालेल्या बारांपैकी अकराजणी दगावल्या. म्हणजे दोष केवळ प्रेतात नव्हता. जिवंत माणसाच्या सडलेल्या जखमेतूनही तो येत होता. सेमेलवाइस यांनी आपले मत लगेच सुधारले आणि प्रत्येक रुग्ण तपासल्यावर हात धुण्याचा नियम केला. हाती आलेला पुरावा मोठा, आपले मत लहान, ही वृत्ती पाहण्यासारखी आहे.

हा अंश म्हणजे काय, हे मात्र त्यांना कळले नव्हते. ते सजीव जंतू असतात, हे पुढे लुई पाश्चर यांनी उघड केले. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत त्यांनी सूतिकाज्वराचे साखळीसारखे दिसणारे जंतू फळ्यावर काढून दाखविले. सजीव असल्यामुळे ते वाढतात. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते ना, तसेच हे. फरक इतकाच की, ते जंतू उपकारक, हे घातक. वार पडल्यावर गर्भाशयात आतून ओली जखम असते. बोटाच्या टोकावरील अदृश्य जंतूंना तेवढे दार पुरते.

इतका लख्ख पुरावा असूनही पुष्कळ नामांकित डॉक्टरांनी तो मानला नाही. मानणे म्हणजे, ज्यांना वाचवावयास गेलो त्यांना आपल्याच हातांनी मरण दिले, असे कबूल करणे होते. सेमेलवाइस यांनी स्वतः ते कबूल केले होते. इतरांना ते जड गेले. अर्थात त्यांचाही थोडा दोष होता. आपले संशोधन त्यांनी वेळीच सविस्तर लिहिले नाही. त्यांचे पुस्तक प्रसिद्ध व्हावयास १८६१ साल उजाडले. पुढे टीकाकारांना त्यांनी अत्यंत कडवट जाहीर पत्रे लिहिली. लोकांना पटवून देणे हाही शास्त्राचाच भाग आहे, तो त्यांना साधला नाही.

व्हिएन्नातील नेमणूक पुढे चालू न राहिल्याने १८५० साली ते मायदेशी पेस्टला परतले. तेथील सेंट रोकुस इस्पितळात त्यांनी वेतनाविना काम केले आणि १८५१ ते १८५७ या काळात ९३३ बाळंतपणांत केवळ आठ माता या तापाने गेल्या. १८५५ साली ते प्राध्यापक झाले, १८५७ साली त्यांचा विवाह झाला. परंतु पुढे मनःस्वास्थ्य ढळले. जुलै १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्ट रोजी, चिघळलेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन त्यांचा अंत झाला. ज्या विकाराशी ते झगडले, त्याच जातीच्या विकाराने त्यांना नेले. वय अवघे सत्तेचाळीस. आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायावरील जखमेवर कार्बोलिक आम्लाचा उपचार केला होता. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा तो आरंभ होय. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ साली सेमेलवाइस यांचे नाव देण्यात आले.

भगिनींनो, २०२० साली करोनाच्या साथीत आपण सर्वजणी वीस सेकंद हात धुवावयास शिकलो. साथ ओसरली म्हणून ती सवय मोडू देऊ नका. बाळंतिणीला भेटावयास जाताना झबले-टोपडे न्याच, पण बाळाला घेण्यापूर्वी हात धुवा. आणि कोणी तसे सांगितले तर राग मानू नका.

दुसरी गोष्ट विचारण्याची. अमुक काढा घेतला आणि गुण आला, असे कोणी सांगितले, तर एक प्रश्न जरूर विचारावा : ज्यांनी तो घेतला नाही, त्यांचे काय झाले? दोन कक्षांची तुलना करणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांनी एवढेच विचारले होते. त्या प्रश्नाने सहस्रावधी मातांचे प्राण वाचले.