घाटमार्गांचे शिल्पकार अँड्र्यू गेडीस बेन

डोंगरातला घाट चढून जो पलीकडे जातो, त्याचे लक्ष बहुधा पलीकडच्या गावाकडे असते. पायाखालच्या रस्त्याकडे नसते. रस्ता जितका चांगला, तितकी त्याची आठवण कमी. म्हणूनच राजांची व सेनापतींची चरित्रे पुष्कळ वाचली जातात, आणि रस्ते व पूल बांधणाऱ्यांची नावेही कोणास ठाऊक नसतात. ह्या लेखात आम्ही अशाच एका गृहस्थाची ओळख आमच्या वाचकांस करून देणार आहोत. स्थापत्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यालयात त्यांनी पाऊल टाकले नव्हते. तरी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील एक अवघड घाट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अँड्र्यू गेडीस बेन यांचा जन्म १७९७ साली स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील थर्सो गावी झाला. लहानपणीच त्यांच्यावरील आईबापांचे छत्र नाहीसे झाले व नातलगांनी त्यांस वाढविले. जुन्या वळणाचे पुस्तकी शिक्षण त्यांस मिळाले, परंतु पोट भरण्यास उपयोगी पडेल असा कोणताही हुन्नर हाती आला नाही. १८१६ साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लष्करात अधिकारी असलेल्या एका नातलगाबरोबर ते केप वसाहतीत गेले. दोन वर्षांनी तेथेच त्यांचा विवाह झाला. पुढे समुद्रापासून दूर असलेल्या ग्राफ-राइनेट ह्या गावी त्यांनी बिऱ्हाड केले व खोगिरे तयार करण्याचा धंदा सुरू केला.

केप वसाहत मूळची डच लोकांची. इंग्रजांनी ती १८०६ मध्ये जिंकून घेतली. किनाऱ्याची सुपीक पट्टी आणि आतील विस्तीर्ण माळ ह्यांच्यामध्ये तेथे डोंगरांच्या रांगा भिंतीसारख्या उभ्या आहेत. शेतकऱ्याला धान्य, लोकर वा कातडी बंदरावर न्यावयाची तर अनेक बैल जुंपलेली अवजड गाडी ह्या डोंगरांवरून ओढावी लागे. काही ठिकाणी गाडीचे सुटे भाग करून ते बैलांच्या पाठीवर लादून पलीकडे न्यावे लागत. कडा उतरताना गाडी कोसळून बैल मेले, असे प्रसंग नित्याचे होते. जवळ बाजार नाही, वैद्य नाही, आणि दोन्ही असलेल्या गावास जावयास वाट नाही, अशी त्या मुलखाची स्थिती होती.

ग्राफ-राइनेटजवळ एका घाटाचे काम निघाले, तेव्हा ह्या खोगीर करणाऱ्या तरुणाने त्याची देखरेख आपण होऊन अंगावर घेतली आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाही. कृतज्ञता म्हणून १८३२ साली त्यांस एक पदक देण्यात आले. चढ किती ठेवावा, वळण कोठे द्यावे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने काढून द्यावे, ह्या गोष्टी ते पुस्तकातून शिकले नाहीत. डोंगराची चाल पाहून शिकले. बिनपगारी कामाने त्यांस जो धडा दिला, त्यावर पुढील सर्व आयुष्य उभे राहिले.

परंतु यश लगेच आले असे मात्र नाही. व्यापारासाठी व देश पाहण्यासाठी त्यांनी उत्तरेकडे दूरवर सफरी केल्या. त्यांपैकी १८३४ सालच्या सफरीत मातबेले लोकांच्या हल्ल्यात त्यांच्या गाड्या गेल्या. त्यानंतर वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर इंग्रज व खोसा लोक ह्यांच्यात युद्ध झाले. बेन त्यात एका तुकडीचे कप्तान होते. जिंकलेल्या मुलखात त्यांनी शेती आरंभिली; पण १८३६ मध्ये तो मुलूख खोसा लोकांस परत देण्यात आला व बेन यांचे शेत गेले. त्यांचे नुकसान झाले हे खरे. परंतु ती भूमी मूळची कोणाची होती, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हाती काही उरले नसता त्यांस लष्करी रस्त्यांच्या खात्यात काम मिळाले. ग्रॅहम्सटाउनहून फोर्ट बोफर्टकडे एक्का खिंडीतून जाणारा रस्ता त्यांनी बांधला. त्याच नोकरीत फिश नदीवर त्यांनी जो पूल उभारला, तो त्या काळी वसाहतीतील सर्वांत मोठा समजला जाई. हे रस्ते तोफा व पलटणी नेण्यासाठी काढले होते, हे आम्ही लपवू इच्छित नाही. ज्या रस्त्याने शेतकऱ्याचे धान्य बाजारास जाते, त्याच रस्त्याने सैन्यही जाते. रस्ता चालणाऱ्याचा हेतू विचारीत नाही. तो बांधविणाऱ्याने मात्र आपला हेतू तपासून पाहावा.

ह्याच सुमारास एका मित्रामुळे लायल ह्यांचा भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ बेन यांच्या हाती आला. रस्त्यासाठी फोडलेला प्रत्येक कडा तेव्हापासून त्यांस पुस्तकाच्या पानासारखा वाटू लागला. मजूर ज्या दगडांस खडी म्हणून बाजूस टाकीत, त्यांत ते प्राचीन प्राण्यांची हाडे शोधू लागले. वरच्या जबड्यात दोनच सुळे असलेली एक चमत्कारिक कवटी त्यांस सापडली. त्यांनी असे अवशेष पेट्यांत भरून लंडनला धाडले. रिचर्ड ओवेन ह्या विद्वानाने १८४५ साली त्या प्राण्यास डायसिनोडॉन, म्हणजे दोन सुळ्यांचा, असे नाव दिले. हे प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे असे आता ठरले आहे. पुढे बेन यांनी केलेला दक्षिण आफ्रिकेचा भूगर्भविषयक नकाशा १८५६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्या देशाच्या भूगर्भशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

१८४३ साली वसाहतीचे चिटणीस जॉन माँटेग्यू ह्यांनी रस्त्यांसाठी एक मंडळ स्थापन केले, आणि १८४५ मध्ये बेन त्या मंडळाचे निरीक्षक झाले. प्रथम त्यांनी मिशेल घाट बांधला. तो १८४८ च्या डिसेंबरात खुला झाला व त्याच्या माथ्याकडील खोऱ्यात लौकरच सिरीझ हे गाव वसले. त्या कामावर असतानाच समोरच्या रांगेतील एक खिंड त्यांच्या दृष्टीस पडली. रानातून व खडकांतून वाट काढीत ते स्वतः ती पाहून आले. १८४९ साली तेथे काम सुरू झाले. सुरुंग लावून कडे फोडावे, निघालेले दगड घडून दरीच्या बाजूस चुन्याशिवाय गडगा रचावा, त्यामागे भराव घालून रस्ता सपाट करावा, ओढ्यांवर मोऱ्या बांधाव्या, अशी कामाची रीत होती. सुमारे १८ मैलांचा तो रस्ता १८५३ च्या सप्टेंबरात पुरा झाला. त्यासच बेन्स क्लूफ, म्हणजे बेनची खिंड, असे म्हणतात.

हे काम कोणी केले? शेकडो कैद्यांनी. माँटेग्यू ह्यांच्या योजनेप्रमाणे कैद्यांस तुरुंगातून काढून रस्त्यांवर लावीत. चांगल्या वर्तनाबद्दल बेड्या काढाव्या व थोडे लिहावाचावयास शिकवावे, अशी तीत तरतूद होती. तरीही ते श्रम सक्तीचे होते. थंडीत, उन्हात व सुरुंगांच्या धोक्यात त्यांनी जो डोंगर फोडला, त्याच्यावर त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

बेन यांचे चिरंजीव टॉमस हे मिशेल घाटापासून वडिलांच्या हाताखाली तयार झाले व पुढे त्यांच्याहूनही अधिक घाट त्यांनी बांधले. १८८८ साली खुल्या झालेल्या त्यांच्या स्वार्टबर्ग घाटातील चुन्याशिवायच्या भिंती आजही उभ्या आहेत. अँड्र्यू बेन यांचे शेवटचे मोठे काम काटबर्ग घाट होय. तो पुरा होण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली. १८६४ साली ते इंग्लंडास गेले. आपण धाडलेल्या अवशेषांवर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्या विद्वानांनी त्यांचे स्वागत केले. परत येताच थोड्याच दिवसांनी, २० ऑक्टोबर रोजी, केप टाउन येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, शिक्षण अपुरे राहिले अथवा एक धंदा बुडाला म्हणून आयुष्य वाया गेले असे नाही, हे बेन यांच्या चरित्रावरून दिसते. समोर पडलेले काम त्यांनी डोळे उघडे ठेवून केले, म्हणून रस्त्याच्या खडीतही त्यांस विद्या सापडली. परंतु त्यांची स्तुती करताना त्या अनाम हातांस आम्ही विसरू तर ती स्तुती अर्धीच ठरेल. आपण ज्या पुलावरून शाळेत येतो, त्याचा दगडही कोणी तरी डोक्यावर वाहून आणलेला असतो. त्याचे नाव आपणांस कळणार नाही. पण त्याचे ऋण मानावयास नाव कळलेच पाहिजे असे नाही.