खाणीतून नगराध्यक्षपदाकडे : एमिल बास्ली

पोटासाठी कोवळ्या वयात घराबाहेर पडलेले पूर्वज आपल्याही घराघरांतून होऊन गेले. म्हणून हे परदेशस्थ चरित्र ज्ञातिबंधुभगिनींस परके वाटणार नाही.

एमिल बास्ली यांचा जन्म १८५४ साली उत्तर फ्रान्समधील व्हालांसियेन येथे झाला. मातापित्यांचे छत्र लवकर हरपले आणि बालवयातच त्यांना कोळशाच्या खाणीत उतरावे लागले. पुढे संघटनेपायी नोकरी गेली, तेव्हा त्यांनी दनँ गावी मद्यालय थाटले. वडीलधारी मंडळी येथे नाक मुरडतील. परंतु खाणकामगारांना मोकळेपणी बसण्याबोलण्यास तीच जागा होती! १८८४ चा अंझँचा संप त्यांच्या नेतृत्वाखाली ५६ दिवस चालला व अखेर फसला. तो पाहावयास आलेल्या कादंबरीकार झोलांची ‘जर्मिनाल’ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बास्ली फ्रान्सच्या कायदेमंडळावर निवडून गेले.

१९०० साली ते लाँस या खाणनगरीचे नगराध्यक्ष झाले. खरी कसोटी पुढेच होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. साठी गाठलेल्या बास्लींनी शहर सोडले नाही. १९१७ मध्ये शत्रूने उरलेल्या नागरिकांना बाहेर काढीपर्यंत ते त्यांच्यातच राहिले. युद्धाअंती लाँसच्या जागी विटांचे ढिगारे उरले होते, खाणींत पाणी भरले होते. त्या वयात त्यांनी शहराची पुनर्रचना हाती घेतली. १९२८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते नगराध्यक्षच होते.