विश्वासाचे वेतन

नेमून दिलेले काम उरकून पगार घेणारी माणसे पुष्कळ असतात. तेच काम आपले समजून राबणारी थोडी. हा फरक कशाने पडतो, हे ज्यांच्या चरित्रावरून चांगले उमगते असे एक गृहस्थ बेळगाव जिल्ह्यात जन्मले. ते म्हणजे लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस कलाशाळेत गेले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळले व ती वाट बंद झाली. मग ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. पगार चालू होता, काम आवडीचे होते. पण जेथे कष्टांची कदर नाही तेथे मन रमत नाही. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावास बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले ४० नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्यातच कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ देऊ केला. तेथे निवडुंग माजलेले होते व नागांचा वावर होता. तरीही १९१० साली २५ कामगार बायकामुलांसह लक्ष्मणरावांबरोबर तेथे राहावयास गेले. कामे काय इतरत्र मिळाली नसती? परंतु धनी आपल्याबरोबरच माळावर राहणार, हे ते पाहत होते.

या किर्लोस्करवाडीत त्यांनी माणसे निवडली ती प्रशस्तिपत्रे पाहून नव्हे. शाळेच्या परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. सर्वांत मोठे धाडस पहारेकऱ्यांच्या बाबतीत होते. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगलेले तुकाराम व पिऱ्या यांच्या हाती त्यांनी वसाहतीची राखण सोपविली. फसगत झाली असती तर जन्माची कमाई गेली असती. पण जगाने ज्यांना चोर म्हणून ओळखले, तेच तेथील सर्वांत भरवशाचे राखणदार निघाले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यासही लक्ष्मणरावांनी मनाई केली होती.

१९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

पगार वेळेवर व पुरेसा हवा, यात शंका नाही. पोट रिकामे ठेवून विश्वासाच्या गोष्टी सांगणे हा अन्याय होय. पण पगाराने मनुष्य कामावर येतो. त्याचे मन कामावर येते ते, आपल्याला कोणी मोलाचे मानले आहे हे कळल्यावर. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या हाताखाली एक माणूस असेल, कोणाच्या दहा. त्यांच्याकडून आपण काय काय अपेक्षितो याची यादी आपल्याजवळ तयार असते. त्यांच्यावर आपण काय सोपविले आहे, याचीही एकदा करून पाहावी.